अव्वांचं ‘साकु’

सुरतहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागतं. यजमानांची नोकरी हजिऱ्याच्या कारखान्यात, म्हणून आमचं बिऱ्हाड इथं. शेजार गुजराती, बाजारात हिंदी, मुलांशी मराठी आणि सासूबाईंशी कन्नड. सासूबाईंना घरात सगळेच ‘अव्वा’ म्हणतात. बैलहोंगलकडच्या माहेरी आणि नंतर सासरी मिळून चाळीस वर्षं त्यांनी चुलीपुढं भाकऱ्या थापल्या. विडीला कधी शिवल्या नाहीत, पण तो धूर छातीत राहिलाच. डॉक्टरांनी दम्यासारख्याच, पण कायम टिकणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं निदान केलं आणि घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ‘मिनिटाला एक लिटर, त्यापुढं नाही,’ असं बजावूनही सांगितलं होतं.

गेल्या हिवाळ्यात अव्वांचा खोकला वाढला. बोटाला लावायच्या चिमट्यावर आकडा ८६ दिसला आणि माझा धीर सुटला. मी मशीनची कळ चारवर नेली. थोड्या वेळात आकडा ९७! मला हायसं वाटलं. अव्वा मात्र नळी बाजूला सारत ‘साकु, साकु’ म्हणत होत्या. मी ती परत लावत होते. मग ‘तली नोय्तद’ म्हणाल्या आणि झोपल्या. दमल्या असतील, असं मी समजले. संध्याकाळी हाक मारली तरी डोळे उघडेनात.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याचा आकडा पाहिला आणि धमनीतलं रक्त तपासायला सांगितलं. नेहमीचं रक्त शिरेतून काढतात, हे मनगटाच्या धमनीतून. आधी हाताची मूठ वळवून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या, मग एक सोडून तळव्यावर लाली परत येते का ते पाहिलं. एका धमनीला इजा झाली तरी दुसरी हाताला पुरेल ना, याची ही खात्री. सुई खोल जाते, दुखतं. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये हेपॅरिन असतं. नमुना लगेच मशीनवर न्यावा लागतो, कारण काढलेल्या रक्तातल्या पेशीही ऑक्सिजन वापरतच असतात. सुई काढल्यावर ती जागा मी पाच मिनिटं दाबून धरली.

कागद आला. ऑक्सिजन उत्तम होता! पण कार्बन डायऑक्साइड, जो ३५ ते ४५ असावा, तो ७२. रक्ताचा पीएच ७.३५च्या खाली उतरलेला, म्हणजे रक्त आम्ल झालेलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘अशा फुप्फुसांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला, की आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. गुंगी त्याचीच.’’ बोटाच्या चिमट्याला हा वायू दिसतच नाही. १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ज्या तत्त्वावर तो बेतला, ते केवळ ऑक्सिजनपुरतं. करोनाच्या काळात घरोघरी चिमटा आला, ९५च्या वर आकडा म्हणजे सारं ठीक, हे आपल्या मनात पक्कं बसलं. अव्वांसारख्यांना मात्र ८८ ते ९२ पुरेसं असतं.

ऑक्सिजन कमी केला, घट्ट मास्कचं मशीन लावलं. रात्री पुन्हा मनगटातून रक्त घेतलं, कार्बन डायऑक्साइड उतरू लागला होता. पहाटे अव्वांनी डोळे उघडून ‘नीरु’ मागितलं. मला रडू आवरेना. माझ्या मायेनंच त्यांना त्या गुंगीत ढकललं होतं.

आता मशीनच्या कळीवर एक लिटरपाशी नेलपॉलिशची लाल खूण केली आहे. घरातलं कुणीही डॉक्टरांना फोन केल्याशिवाय ती ओलांडत नाही. अशा रुग्णाचं डोकं दुखू लागलं, तो भलत्या वेळी पेंगू लागला, तर चिमट्यावरच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नका, दवाखाना गाठा.

आणि अव्वा ‘साकु’ म्हणाल्या, की आता मी आधी थांबते, मग विचारते.