आक्का, अव्वा आणि आई

आमच्या आईला आम्ही जन्मात कधी 'आई' अशी हाक मारली नाही. कोल्हापुरातील आमच्या एकत्र कुटुंबात ती थोरली सून. धाकट्या जावा तिला 'आक्का' म्हणत, ते ऐकून आम्हीही आक्काच म्हणू लागलो. 'आई' हे पद आजीकडे होते आणि ते तिने अखेरपर्यंत सोडले नाही. शाळेत 'माझी आई' हा निबंध लिहिताना आम्ही 'आक्का पहाटे उठते' अशी सुरुवात केली, तेव्हा बाईंनी लाल शाईने शेरा मारला : 'बहिणीवर नको, आईवर लिही.' आपण आईला एक पायरी खाली उतरवून ठेवले आहे, अशी बोच त्या दिवसापासून मनात राहिली.

ती पुष्कळ वर्षांनी पाणिनीने काढली. आई या अर्थाच्या शब्दांचा अंत्य स्वर संबोधनात ऱ्हस्व होतो, असे अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायातील एक सूत्र सांगते. आणि काशिकेने उदाहरणे देताना अम्बेच्या जोडीला अक्का बसवली आहे. कोल्हापूरकर जिला उठता-बसता साकडे घालतात, त्या अंबाबाईच्या नावातली अंबा आणि आमची आक्का एकाच पंक्तीतल्या निघाल्या! कन्नडात आणि मराठीत मात्र तो शब्द थोरल्या बहिणीचा झाला.

अंगावर पिताना मुलाच्या नाकातून जो हुंकार उमटतो, त्यातून आईवाचक शब्दांत 'म'कार आला असावा, असे रोमान याकबसन यांनी 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. पटते, परंतु जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. आपला मामा तर आईचा भाऊ! मुलाच्या तोंडचा आवाज उचलून कोणाच्या नावे चढवायचा, हे घरातली मोठी माणसेच ठरवतात. आमच्या घरी तरी तसेच झाले. (कोल्हापुरात आईचे 'आयला' हे रूप घरापेक्षा फुटबॉलच्या मैदानावरच अधिक ऐकू येते, ते असो.)

आक्काचे माहेर चिकोडीकडचे, घरात कानडी. तिची आई 'अव्वा'. 'आयी' हा शब्द तिकडे आजीसाठी. लग्नानंतर तिने कानडी जवळजवळ टाकलीच होती. आमच्यासमोर त्या भाषेतले एक वाक्यही ती बोलल्याचे आठवत नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र तिची मराठी एकेक शब्दाने गळत गेली. आम्ही 'आक्का, आक्का' करीत होतो आणि ती आमचा हात धरून, आमच्याकडेच पाहत 'अव्वा' म्हणत होती. अव्वा जाऊन तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. पहिल्यांदा आम्ही तिला समजावले की, अव्वा नाही, आम्ही आहोत. दुसऱ्यांदा पाण्याचा चमचा पुढे केला. तिसऱ्यांदा हाक आली, तेव्हा आम्ही ओ दिली.