दोन चाकें

संसाराला रथाची आणि पतिपत्नींना त्याच्या दोन चाकांची उपमा ज्यानें प्रथम दिली, त्यानें तो रथ वळणावरून कधीं हांकला नसावा. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला असतो, आंतल्याला जवळचा. दोघांना आपापल्या वेगानें फिरूं देण्यासाठीं मोटारींत डिफरन्शियल बसवितात. तें दोन्ही चाकांना सारखाच जोर देतें. आणि ह्या समतेंतच त्याची खोड आहे. एक चाक घसरूं लागलें, कीं त्याला जेवढा जोर पेलवतो तेवढाच दुसऱ्याच्याही वांट्याला येतो.

हें ज्ञान आम्हांला इंग्लंडांतल्या एका पावसाळी सकाळीं झालें. आमची गाडी १९९० सालची माझ्दा एमएक्स-५. दोघांपुरती, वजनानें हजार किलोंच्या आंत. चढावरच्या गल्लींतून डावीकडे वळून आम्ही हमरस्त्याला लागलों, आणि मागचें आंतलें चाक जागच्या जागीं गरगरूं लागलें. गाडी रस्त्यांत आडवी, आणि उजवीकडून मालमोटार येत होती. तिच्या चालकानें वेळीं ब्रेक दाबले म्हणून आज हें लिहीत आहों. सौभाग्यवतींनीं घरीं येईपर्यंत शब्द काढला नाहीं. पुढें तीन महिने त्या गाडींत बसल्या नाहींत.

मग ह्या घसरणीला आळा घालणारें डिफरन्शियल निवडण्याचा आमचा अभ्यास सुरू झाला. क्लचच्या चकत्यांचा प्रकार शर्यतवाल्यांचा आवडता. एक चाक अधांतरीं असलें तरी तो दुसऱ्याला जोर पोंचवितो. परंतु चकत्या झिजतात, तेल खास लागतें, आणि सावकाश वळतांना कटकट ऐकूं येते. चिकट द्रवाचा प्रकार सौम्य खरा. पण चाकांच्या वेगांत फरक पडल्यावरच तो जागा होतो, आणि द्रव जुना झाला कीं सुस्तावतो. तिसरा दंतचक्रांचा, टॉर्सेन. माझ्दानें १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरच्या कांहीं गाड्यांत तो दिला. घसरणारें चाक जेवढा जोर पेलतें, त्याच्या कांहीं पट तो दुसऱ्याला देतो, आणि तेंही मुकाट्यानें. उणीव एकच: चाक हवेंत उचललें गेलें, तर शून्याची पट शून्यच.

चिरंजीव चकत्यांच्या बाजूचे; आमचीही मान तिकडेच डोलूं लागली होती. तेव्हां सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, त्या दिवशीं आपलें चाक हवेंत होतें का?"

"नाहीं, ओल्या रस्त्यावर होतें."

"मग हवेंतल्या चाकाची तयारी कशाला?"

टॉर्सेन बसलें. गाडी ताब्यांत देतांना गॅरेजवाल्यानें मात्र बजावलें, कीं आतां जोर जास्त दिलात तर एकाऐवजीं दोन्ही चाकें एकदम घसरतील व गाडीची शेपटी फिरेल. ओल्या रस्त्यावर पाय हलकाच ठेवा. म्हणजे पायाला पर्याय नव्हताच! त्या दिवशीं घाई आमची होती. तीन महिने आम्हीं तो दोष यंत्राच्या माथीं मारला होता. घरीं येऊन आम्हीं तें सौभाग्यवतींजवळ कबूल केलें.

त्या कांहीं बोलल्या नाहींत. रविवारीं पाऊस भुरभुरत असतां डाव्या बाजूचें दार उघडून मात्र बसल्या. तोच चढ आला, तेंच वळण आलें. मालमोटार पुढें जाईपर्यंत आम्ही थांबलों.