तीन ग्रॅमचा प्रवासी

सप्टेंबरात आम्ही अमेरिकेतील न्यू जर्सीला नातेवाइकांकडे होतो. अंगणात हमिंगबर्ड आला. आपला शिंजीर त्याच्यासारखा वाटतो खरा, पण हा पक्षी अमेरिका खंडांबाहेर आढळत नाही. तिकडे पूर्वेला त्याची 'रुबी थ्रोटेड' ही एकच जात घरटे करते. नराचा गळा उन्हात लालभडक, सावलीत काळा. मादी व पिलांचा पांढरा. नर आधीच निघून गेले होते. घरटे, पिले सारे मादी एकटीच बघते. हे ऐकून आमच्यातल्या बाया हसल्या!

पिलू जेमतेम ३ ग्रॅमचे. वाट दाखवायला कुणी नाही, तरी एकटेच मेक्सिकोकडे निघते. कित्येक पक्षी आखाताचे सुमारे ८०० किलोमीटर पाणी न थांबता ओलांडतात. त्यासाठी अंगावर चरबी हवी. म्हणून अंगणात साखरपाणी टांगलेले: एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. रंग मुळीच घालायचा नाही.