समोरासमोर की शेजारी शेजारी

हनिमूनला कुठे जावं, या विषयावर मत नसलेला माणूस मराठी घरात सापडणं कठीण. साखरपुड्याची पंगत उठायच्या आतच चर्चा सुरू होते. मालदीवचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एवढे पैसे घालून वाळूतच बसायचं, तर आपलं दापोली काय वाईट?’ आत्याबाई फोनमधले युरोप टूरचे फोटो उघडतात आणि प्रत्येक फोटोमागची हकिकत सांगतात. काकांच्या मते स्वित्झर्लंड बघितल्याशिवाय मरू नये; काकूंच्या मते तिथे नुसतं चालून चालून पाय दुखतात. ज्यांना जायचं असतं ती दोघं यात कुठेच नसतात. ती एकमेकांकडे बघून हसतात आणि जिलबी संपवतात.

माझ्याकडे हा प्रश्न आता भाचे-पुतण्यांकडून येतो. ‘मावशी, समुद्रकिनारी रिसॉर्ट घ्यावं की फिरतीची ट्रिप करावी?’ पूर्वी मी बजेट विचारायचे. आता आधी दुसरंच विचारते : तुमचं जमलं कसं, आणि लग्नाआधी तुम्ही एकत्र किती राहिलात? पोरं बुचकळ्यात पडतात. हॉटेलशी याचा काय संबंध, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे.

आमच्या आजी-आजोबांना हा पेच पडलाच नाही. लग्न झालं, सत्यनारायण झाला, की जोडप्याने कुलदैवताला जायचं. खंडोबा असेल तर जेजुरी. नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, बघायला सासू, नणंदा, चुलत दीर अशी अर्धी वरात, आणि दर्शन झाल्यावर भंडाऱ्याने पिवळी झालेली सगळी मंडळी मिळून जेवायला. त्या प्रवासात एकांत नव्हता, आणि त्याची कुणाची अपेक्षाही नव्हती. गंमत म्हणजे साहेबाच्या देशातही सुरुवात अशीच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या सुखवस्तू घरांतली नवी जोडपी लग्नाला येऊ न शकलेल्या नातेवाइकांच्या गाठीभेटींना निघत, आणि बरोबर बहीण किंवा मैत्रीण असली तरी कुणाला वावगं वाटत नसे. एकांत दोन्हीकडे मागाहून आला. आमच्या पिढीला तो महाबळेश्वरने दिला, पण तोही ‘पॉइंट’ बघता बघता. पहाटे विल्सन पॉइंटला सूर्योदय, संध्याकाळी बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त, मधल्या वेळात आर्थर सीट, केट्स पॉइंट आणि वेण्णा तलावात होडी. टॅक्सीवाल्याला यादी तोंडपाठ असे, आणि एखादा पॉइंट राहिला तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटे. फिरणं आपल्या हाडात मुरलेलं आहे. नुसतं बसायला पैसे मोजावेत, ही कल्पना आपल्याकडे अलीकडची.

ती कल्पना मालदीवने टोकाला नेली. बाराशेच्या आसपास बेटं, त्यांपैकी दोनशेच्या आसपास बेटांवर लोकवस्ती. पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली सुरू झालं, आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी रीतच पडली. विमानतळाचंही एक बेटच आहे. तिथून स्पीडबोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने थेट आपल्या बेटावर. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे मुंबईहून संध्याकाळी पोचणाऱ्याला राजधानी माले किंवा शेजारच्या हुलहुमालेत रात्र काढावी लागते. ज्या खोलीचे फोटो बघून मुली हरखतात, ती पाण्यात खांबांवर उभी असलेली खोलीही मूळची मालदीवची नाही. १९६७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर तिघा अमेरिकनांनी ती आपल्या हॉटेलसाठी बांधली. तिथून ती जगभर गेली.

या व्यवस्थेत एक गोम आहे. देश मुस्लीम, दारूला बंदी. पण रिसॉर्टच्या बेटावर ती मिळते, कारण तिथे गाव नाही. गाव वेगळ्या बेटावर, पाहुणे वेगळ्या बेटावर. तिथल्या घरांत सकाळी टूना मासा, ओलं खोबरं, कांदा आणि मिरची एकत्र कालवून पातळ पोळीबरोबर खातात; त्याला मास हुनी म्हणतात. कोकणातल्या माणसाला ती न्याहारी आपल्या घरचीच वाटेल. पण रिसॉर्टवर तो पदार्थ ब्रेड, क्रोसाँ आणि ऑम्लेटच्या रांगेत कुठेतरी शेवटी मांडलेला असतो. मालदीवला जाऊन मालदीव न बघता परत येता येतं. रिसॉर्ट विकतं तेच हे : बाहेरचं जग आत येणार नाही याची हमी. तिथे बघायला समुद्र, आणि समुद्राकडे बघून झालं की समोर बसलेलं माणूस.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाचं लग्न वधू-वर सूचक मंडळातून जमलं. चहापोहे झाले, मग दोन-चारदा कॉफी, आणि मग थेट हॉल बुकिंग. दोघंही सालस आणि थोडी बुजरी. आईवडिलांनी हौसेने पाण्यावरची खोली घेऊन दिली. सून मोकळी झाल्यावर पुढे कधीतरी हसत सांगत होती, ‘पहिला दिवस फोटोंत गेला. दुसऱ्या दिवशी शाळा, कॉलेज, ऑफिस सगळं बोलून झालं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर दोघांना विषय सुचेना. वेटर आला की बरं वाटायचं. शेवटी आम्ही शेजारच्या टेबलावरच्या रशियन कुटुंबाबद्दल गोष्टी रचायला लागलो.’ दोघांत बिघडलं काहीच नव्हतं. फक्त समोरासमोर बसून ओळख वाढवायची असं ठरवलं, की ओळख अंग चोरते. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘एकमेकांना समजून घेण्यासाठी.’ माझा अनुभव नेमका उलटा. ज्यांनी एकमेकांना आधीच समजून घेतलंय, अशांसाठी रिसॉर्ट उत्तम. सात-आठ वर्षांचं प्रेम, हिंजवडीतल्या नोकऱ्या, घरच्यांची समजूत काढण्यात गेलेली दोन वर्षं आणि वर हळद, संगीत, सीमांतपूजन, रिसेप्शन. अशा जोडप्याने बेटावर जाऊन चार दिवस नुसतं झोपावं. त्यांच्यातली शांतता जुनी आहे, त्यांना तिची भीती वाटत नाही.

नव्या ओळखीला मात्र तिसरं काहीतरी लागतं, दोघांनी मिळून बघायला. फिरतीत माणसं शेजारी शेजारी असतात. बोटाने काहीतरी दाखवत बोलता येतं, आणि बोलायला नसेल तर खिडकी असते.

माझी भाची वैशाखात लग्न करून मे महिन्यात नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंडला गेली. कंपनीची टूर नव्हती, स्वतःच आखलेलं. मुक्काम इंटरलाकेनला. एके सकाळी दोघं लाउटरब्रुनेनला निघाली, जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा बघायला. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी पुढे त्स्वायल्युचिनेन या लहानशा स्टेशनात दुभागते. काही डबे लाउटरब्रुनेनच्या दरीत जातात, बाकीचे ग्रिंडेलवाल्डच्या. डब्यावर लिहिलेलं असतं, पण नवविवाहितांनी डब्याची पाटी वाचावी अशी अपेक्षा कोण करणार? दोघं ग्रिंडेलवाल्डला जाऊन पोचली. समोर धबधबा नव्हता, आयगर पर्वताची काळी भिंत होती.

भाची सांगते, ‘मावशी, मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. माझे बाबा असते तर स्टेशनातच आईवर ओरडले असते. हा गप्प उभा राहिला, नकाशा उलगडला, मग तिकीट खिडकीवरच्या बाईंना विचारून आला आणि म्हणाला, मागे फिरायचं नाही, डोंगरावरून जाऊ.’ रस्ता खरंच होता. ग्रिंडेलवाल्डहून दातेरी रुळांची गाडी क्लायने शायडेगला चढते, २०६१ मीटरवर. तिथे गाडी बदलून पलीकडे वेंगेनवरून उतरलं की लाउटरब्रुनेनच. त्या चुकीच्या डब्यामुळे त्यांना दोन्ही दऱ्या बघायला मिळाल्या. जास्तीच्या तिकिटाचे फ्रँक गेले, तेव्हा हिशेब कोण ठेवणार हेही ठरलं. तो चिडत नाही हे तिला कळलं. आणि तिला भूक लागली की तिच्याशी काही बोलू नये, आधी खायला द्यावं, हे त्याला कळलं. घरून नेलेले गुळपोळीचे तुकडे त्याने वेंगेनच्या बाकावर बाहेर काढले. ही माहिती पुढे चाळीस वर्षं उपयोगी पडणार आहे. काकडीचं पाणी आणून देणारा माणूस दिमतीला असताना ती मिळाली नसती, कारण रिसॉर्टमध्ये अडचण तुमच्यापर्यंत येऊच दिली जात नाही.

अडचणीलाही अर्थात माप हवं. पाच देश, सात शहरं, रोज ‘सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस’ अशी टूर नव्या जोडप्याला देऊ नये. तिथे शेजारी शेजारी बसून दोघंही डुलक्या काढतात, आणि मागच्या सीटवरचे काका ‘काय, झोप झाली नाही वाटतं?’ असं विचारून बसभर हशा पिकवतात. फिरती म्हणजे दोन मुक्काम, फार तर तीन. एखादं स्थळ राहून जाऊ द्यायची तयारी हवी. महाबळेश्वरच्या यादीचा संस्कार इथे सोडून द्यावा.

मुहूर्ताचंही बघावं लागतं. तुळशीचं लग्न लागल्यावर आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. डिसेंबर ते एप्रिल मालदीवचा कोरडा हंगाम, म्हणजे मार्गशीर्ष-माघातल्या लग्नांना समुद्र अनुकूल. वैशाख-ज्येष्ठातलं लग्न असेल तर तिकडे पावसाळ्याला तोंड फुटलेलं असतं, बालीत मात्र तेव्हा कोरडा हंगाम असतो आणि आल्प्सच्या उतारांवर फुलं. कागदपत्रांतही दोन्ही वाटा वेगळ्या. मालदीव भारतीयांना पोचल्यावर फुकट प्रवेश देतो. युरोपसाठी शेंगेन व्हिसा काढायचा, तर ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बोटांचे ठसे, बँकेचे कागद. हे सगळं लग्नाच्या खरेदीच्या धामधुमीत. तिकीट आणि व्हिसा मुलीच्या पासपोर्टवर जे नाव असेल त्याच नावाने निघतात, म्हणून लग्नानंतर नाव बदलणार असाल तरी परत येईपर्यंत थांबा. ठसे द्यायच्या दिवशी बोटांच्या टोकांवर मेंदी नको, नाहीतर यंत्र कुरकुरतं.

मधला मार्गही आहे. धाकट्या भाच्याला मी श्रीलंका सुचवली. कँडीहून डोंगराळ मुलखातून चहाचे मळे बघत जाणारी एल्लापर्यंतची रेल्वे, मग दक्षिणेला उतरून गालचा किल्ला आणि शेवटी किनारा. ट्रॅव्हल एजंट उलटा क्रम सांगतात : आधी किनाऱ्यावर आराम, मग फिरणं, कारण जोडपं लग्नाने दमलेलं असतं. दमलेलं असतं हे खरं. पण त्यावर उपाय घरी दोन दिवस दार लावून झोपणं हा आहे, आणि तो फुकट आहे. आधी फिरा. चुकलेली गाडी, फसलेलं जेवण, स्टेशनवर भेटलेली आजीबाई असं काहीतरी दोघांच्या खात्यावर जमा होऊ द्या. मग वाळूत बसाल तेव्हा बोलायला तुमचं स्वतःचं काहीतरी असेल, आणि नाही बोललात तरी अवघड वाटणार नाही.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. माझा पुढचा प्रश्न होता, ‘तिला काय हवंय?’ तो म्हणाला, ‘ती म्हणते, तुला आवडेल ते.’ मी म्हटलं, मग अजून बुकिंग करू नकोस.

आपल्याकडच्या लग्नात शालूचा रंग सासू ठरवते, मेन्यू मामा ठरवतो, मुहूर्त गुरुजी ठरवतात, आणि बँडवाल्याने कोणतं गाणं वाजवावं हे वरातीतले मित्र. या सगळ्या गर्दीत ही एकच गोष्ट त्या दोघांनी ठरवायची असते. आईवडील पैसे देत असतील तर तो आहेर समजावा, मताधिकार नव्हे. मावशीचा सल्लाही त्याच हिशेबात धरावा. दोघांनी एकमेकांना खरं काय ते सांगावं : मला गर्दीत धडधडतं, मला दोन तास एका जागी बसवत नाही, मला पोहता येत नाही आणि पाण्यावरच्या खोलीत रात्री झोप लागणार नाही. यावरून थोडं वाजलं तरी चालेल. ‘तुला आवडेल ते’ म्हणणाऱ्या माणसाची आवड शोधून काढणं हे काम पुढे जन्मभर पुरणारं आहे. त्याची सुरुवात तिकीट काढण्याआधी झालेली बरी.