अण्णा मेल्यावर सुरू झालेली गोष्ट

यंदा चतुर्थीला भाचा मुंबईहून आला तो कानात बोंडं घालूनच. आरत्या झाल्या, भजन झालं, उसळ-पाव आणि चहा घेऊन बुवा आणि मंडळी पुढच्या घरी गेली, आणि हा पडवीच्या कोपऱ्यात मोबाईलवर रक्तपिपाशांची इंग्रजी मालिका बघत बसलेला. गणपतीच्या दिवसांत तरी हे नको, असं मी म्हणणार होतो. पण त्यानेच आधी विचारलं, "मामा, आपला अण्णा नाईक म्हणजे पण स्पिनऑफच ना?"

मी म्हटलं, "नाही रे, तो दुसरा भाग."

"दुसरा भाग कसा? पहिल्यात तो माणूस पहिल्याच दिवशी मेलाय. दुसऱ्यात जिवंत आहे. आणि हिरो तोच आहे."

पंचवीस वर्षं बातम्या लिहितोय, पण हे असं मला कधी सुचलं नव्हतं. मग त्या रात्री पडवीत बसून त्याने मला त्याच्या मालिकांचं सगळं कूळ-मूळ सांगितलं. ते ऐकताना मी मनात आपल्या आकेरीच्या वाड्याकडे जात होतो. आणि तिथून आणखी एका घराकडे, ज्याबद्दल मी आजपर्यंत कुठेही लिहिलेलं नाही. लिहू की नको असं करत आज लिहितोय.

आधी मालिकेचं. 'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर 2016 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नाईकांच्या वाड्यात अण्णा मरतात, सगळी भावंडं गोळा होतात आणि एकेक विचित्र प्रकार सुरू होतात. आपल्या जिल्ह्यात तेव्हा काय वातावरण होतं ते आठवतंय ना? कोकण म्हणजे भुतं, करणी आणि भानामती एवढंच दाखवतात म्हणून निवेदनं दिली गेली. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झालेला, त्याचाही दाखला दिला गेला. त्या बातम्या मी दिल्या होत्या. नुसत्या दिल्या नाहीत, वर एक स्फुटही लिहिलं होतं, की या मालिकेमुळे कोकणात येणारा पर्यटक दहा वेळा विचार करेल.

पर्यटकाने एकदाही विचार केला नाही. तो गाडी काढून थेट आकेरीला आला आणि वाड्यासमोर सेल्फी काढून गेला. रस्ता विचारणाऱ्या गाड्या मीही थांबवून वाटेला लावल्यात. ते स्फुट आता मी कुणाला दाखवत नाही.

पण खरा कहर झाला तो 2019 च्या जानेवारीत, दुसरा भाग आल्यावर. आता गोष्ट मागे गेली. अण्णा जिवंत, माधव अभ्यंकर. शेवंता, म्हणजे अपूर्वा नेमळेकर. आणि माई, शकुंतला नरे. रात्री साडेदहाला बाजारातली शेवटची टपरीसुद्धा बंद व्हायची. लाईट गेली की लोक वायरमनला फोन करायचे, आणि तेही भांडायला नाही, अक्षरशः काकुळतीला येऊन.

भाच्याच्या मते अशा मालिकांचं एक साधं गणित असतं. मूळ मालिकेतलं एखादं असं पात्र उचलायचं, की ज्याच्याबद्दल लोकांच्या डोक्यात आधीच प्रश्न पडलेले आहेत. 'बफी'मधला एंजल हा शाप म्हणून आत्मा परत मिळालेला रक्तपिपासू. आपण केलेल्या खुनांची फेड करायची, या एका गोष्टीवर त्याची स्वतंत्र मालिका 1999 ते 2004, पाच सीझन चालली. 'व्हॅम्पायर डायरीज'मध्ये क्लाउस खलनायक म्हणून आला आणि 2013 मध्ये 'द ओरिजिनल्स' घेऊन न्यू ऑर्लिन्सला गेला. तीही पाच सीझन. दोघेही सज्जन नाहीत. दोघांच्याही डोक्यावर जुनी बाकी आहे.

मग त्याने उलटं उदाहरण दिलं, आणि ते मला जास्त आवडलं. 'सुपरनॅचरल' नावाची दोन भावांची मालिका 2005 पासून 2020 पर्यंत, पंधरा सीझन चालली. एवढं मोठं गणगोत पाठीशी असताना त्या भावांच्या आईबापांच्या तरुणपणावर 'द विंचेस्टर्स' काढली, ती तेरा भागांत आटपली. का? बाकी कारणं असतील, पण एक कारण भाच्याने सांगितलं ते पटण्यासारखं आहे. मूळ मालिकेत बापाला भुताखेतांच्या जगाचा पत्ता लागतो तो बायको गेल्यावर. तोच त्याच्या आयुष्याचा घाव. आणि इथे तोच बाप 1972 मध्ये, लग्नाच्याही आधी, राक्षसांच्या मागे धावतोय. शेवटी खुलासा काय, तर हे दुसरंच विश्व होतं. म्हणजे ज्या घावासाठी लोक पंधरा वर्षं रडले तो इथे नाहीच. उधारीची वहीच बदलली की गिऱ्हाईक दुकानात कशाला थांबेल?

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला इंग्रजी मालिका लागत नाही. आपण दशावतार बघत मोठे झालो. आख्यान सगळ्यांना पाठ असतं. राक्षस मरणार हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. संहिता लिहिलेली नसते, नट रंगात येईल तसे संवाद बोलतात, आणि आपण पहाटेपर्यंत बसतो ते काय होणार हे बघायला नाही. कसं होणार, आज हा राजा कसा बोलणार, हे बघायला बसतो. अण्णा नाईकाचं तसंच झालं. तो मरणार हे आपण तीन वर्षांपूर्वी बघून बसलो होतो. त्यामुळे तो शेवंताकडे बघून हसला, की आपल्याला हसू यायचं आणि पोटात गोळाही यायचा.

आणि भूत? खरं सांगायचं तर दुसऱ्या भागात भुताची भीती मला फारशी वाटली नाही. भीती वाटली ती अण्णा खुर्चीत नुसता बसलेला असायचा तेव्हा. माई पदराला हात पुसत दारात उभी राहायची, काही विचारायचं असायचं आणि न विचारताच आत जायची. ते बघून बायका टीव्हीसमोर गप्प व्हायच्या. पहिल्या भागात हा वाडा झपाटलेला का, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्याने उत्तर दिलं, की या माणसामुळे. जमीन लाटली, बाई नासवली, माणूस संपवला, आणि गाव सगळं बघून "अण्णांनू" म्हणत राहिला. असा एक अण्णा आपल्या प्रत्येक पंचक्रोशीत होऊन गेलाय, काही ठिकाणी अजून आहे, आणि त्याच्या वाढदिवसाचे बॅनर आपणच लावतो. माझ्या पेपरातल्या जाहिराती धरून.

प्रल्हाद कुडतरकर हे त्या मालिकेच्या लेखकांपैकी एक आणि पडद्यावरचा पांडूही तेच. सगळं "इसारलंय" म्हणणारा पांडू. आपण हसलो त्याला. पण गावात ज्याने सगळं बघितलंय, त्याला विसरण्यावाचून दुसरा मार्ग तरी कुठे असतो?

तिसरा भाग 2021 मध्ये आला. तो मी नेमाने बघितला नाही, त्यामुळे फार बोलत नाही. अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं झाल्यावर त्यांना गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं माझं मत. शिवाय मध्येच शेवंताची अभिनेत्री बदलली. नवी वाईट नव्हती. पण बाजारात लोक म्हणायचे, "ही ती न्हय." प्रेक्षकाने एकदा एखाद्या चेहऱ्याला भूत मानलं की दुसरं भूत तो घरात घेत नाही.

आता जे सांगायचं होतं ते.

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी बातमी पाठवून उशिरा घरी आलो. आई मालिका बघत होती. अण्णा आणि शेवंताचा काहीतरी प्रसंग चालू होता, मी जेवायला बसलो. जाहिरात लागली तशी आई टीव्हीकडेच बघत म्हणाली,

"तुज्या आज्याची पण एक होती. पलीकडच्या वाडीत."

मी घास हातात धरून बसलो. आई सत्तरीची. इतकी वर्षं या घरात. "तुका कोणी सांगूक नाय?" असं वर मलाच विचारलंन.

मग जाहिराती संपेपर्यंत तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. ती बाई लवकर गेली. तिला एक मुलगा. आजी जिवंत असेपर्यंत त्या वाडीचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही असा शिरस्ता होता. फक्त एक गोष्ट आजोबांनी सांगून ठेवली होती, गणपतीचा पाट द्यायचा तो त्याच शाळेत. दुसरीकडे नाही.

म्हणजे तो मुलगा कोण हे मला सांगायची गरज उरली नाही. दर चतुर्थीच्या आधी मी ज्याच्या गणपती शाळेत पाट घेऊन जातो तो. माती महागली, रंग महागले, पीओपीने मारलं, या माझ्या दरवर्षीच्या बातमीत ज्याचं म्हणणं मी छापतो तो. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा. दर वेळी विचारायचा, "आवस बरी असा मा?" मला वाटायचं, माणूस अगत्याचा आहे.

मालिका पुन्हा सुरू झाली आणि आई पुन्हा बघायला लागली. मी त्या रात्री तिच्याशेजारी बसून पहिल्यांदा पूर्ण भाग बघितला. अण्णावर हसता आलं नाही.

त्यानंतर मी त्या मालिकेकडे वेगळ्या नजरेने बघितलं असं म्हणालो तर ते मोठेपण होईल. मी एवढंच केलं, की सातबारा काढला. हायवेच्या चौपदरीकरणात आमच्या सामाईकातली जमीन गेली होती, मोबदला आला होता, चुलत्यांमध्ये आणि आमच्यात वाटप झालं होतं. मोबदल्यात कुणावर कसा अन्याय झाला याच्या बातम्या मी तेव्हा लिहीत होतो. चांगल्या लिहिल्या होत्या. आमच्या उताऱ्यावर ते एक नाव कधीच नव्हतं. कायद्याने असायला हवं होतं की नाही हे वकील सांगेल. मी वकिलाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

यंदा पाट घेऊन गेलो तेव्हा शाळेत रंगकाम चालू होतं. आखणी अजून तोच करतो, हात थोडा थरथरतो पण डोळ्याची रेघ ओढताना थांबतो. बोलता बोलता मी मुद्दाम विषय काढला. 'रात्रीस खेळ चाले' बघायचात काय?

"बघलंय मा. सगळे भाग बघलंय," तो म्हणाला. ब्रश पाण्यात बुडवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवंताचा चेडू वाड्याच्या दारात तरी इला."

पहिल्या भागातली सुषमा. अण्णा आणि शेवंताची मुलगी.

मी काहीच बोललो नाही. त्याने आमच्या पाटावर खडूने आमचं आडनाव लिहिलं, नेहमीसारखं, आणि भिंतीला टेकवून ठेवला.

हे सगळं मी भाच्याला त्या रात्री पडवीत सांगितलं नाही. तो अठरा वर्षांचा आहे, आणि त्याचा मामा जिल्ह्यातल्या लोकांचे प्रश्न मांडतो असं तो मित्रांना सांगतो. आज ही पोस्ट तो वाचेल. चुलतेही वाचतील, त्यांच्याशी मी अजून बोललेलो नाही. पुढच्या आठवड्यात बोलेन म्हणतो.