तिघांचे ऐकणारी चकती

माझी धाकटी बहीण लग्न होऊन बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाईला गेली. मेळघाटाच्या बाजूचे हे गाव. हिंदी, कोरकू आणि मराठी तिथे एकाच बाजारात कानावर पडतात. आपल्याकडे कन्नड-मराठीत वाढलेल्या मुलीला त्यात परके वाटण्यासारखे काही नव्हते.

दाजींची केळीची बाग चढउताराच्या जमिनीत आहे. केळीला पाणी कमी पडून चालत नाही आणि मुळाशी साचूनही चालत नाही. त्यात शेतीची वीज बहुधा रात्री. बॅटरी घेऊन तीन ठिकाणची माती चाचपायची, मगच मोटर सुरू करायची. दाजींचे गुडघे आता साथ देत नाहीत. म्हणून पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या भाचीने चढावर, मध्ये आणि उतारावर असे तीन सेन्सर पुरले. माती ओली असली की त्यांचे व्होल्टेज कमी, सुकली की जास्त. मोटरला मात्र हुकूम एकच हवा.

‘‘तिन्ही वायरी एकत्र जोडल्या की झाले ना?’’ दाजींनी विचारले.

‘‘नाही बाबा, मग ते एकमेकांना ओढतात. कुणाचाच आकडा खरा राहत नाही.’’

मी मराठी शिकवणारा माणूस, पण तिने ते मलाही कळेल असे सांगितले. प्रत्येक सेन्सरची वायर स्वतंत्र रेझिस्टरमधून एका सांध्यावर आणायची. तिथे ऑप-अँप नावाची चकती बसते. ती आपल्याच आउटपुटचा काही भाग दुसऱ्या रेझिस्टरमधून परत आणून तो सांधा जवळजवळ शून्य व्होल्टवर धरून ठेवते. त्यामुळे कुणावर शेजाऱ्याचा दाब येत नाही. तिन्ही प्रवाह मिळतात आणि बेरीज बाहेर पडते, मात्र उलट्या चिन्हाने. दुसरा ऑप-अँप ते चिन्ह सरळ करतो. एलएम ३२४ या एकाच चकतीत असे चार असतात.

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची मला आठवण झाली. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगलांच्या काळात बांधलेल्या त्या योजनेत वेगवेगळ्या भंडाऱ्यांचे पाणी भुयारांतून जाळी करंजात एकत्र येई आणि तिथून शहरात जाई. बिदरजवळची नौबादची करेज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही भुयारे ओळखीची वाटतील.

व्होल्टेजची अशी बेरीजही जुनीच. अमेरिकेच्या बेल लॅबमधील कार्ल स्वार्टझेल यांनी १९४१ मध्ये अशा बेरजेच्या अँप्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा ती व्हॅक्यूम ट्यूबवर चाले. घरोघरच्या प्रयोगांत शिरलेली ७४१ ही चकती १९६८ ची.

भाचीने आधी तिघांना ३० किलोओहमचे सारखे रेझिस्टर लावले आणि परतीचा १० चा. म्हणजे आउटपुट तिघांची सरासरी. सरासरी दोन व्होल्टच्या वर गेली की मोटर सुरू. पण चढावरची माती तापून ३ व्होल्ट दाखवत होती, आणि बाकी दोन ओल्या १.२ वर. सरासरी १.८. मोटर गप्प, आणि चढावरच्या केळीची पाने पिवळी.

‘‘स्वल्प अडजस्ट माडि,’’ बहीण माहेरच्या भाषेत म्हणाली. भाचीने चढाचा रेझिस्टर २० चा केला, बाकीचे ४० चे. रेझिस्टर कमी तितका त्या सेन्सरचा शब्द जड. आता चढाचा वाटा निम्मा, इतरांचा पाव-पाव. बेरीज २.१ आली आणि मोटर चालू झाली. उताराला पाणी थोडे जास्त जाते, म्हणून तिथे तिने चर काढून घेतला.

सरासरी खोटी नव्हती. फक्त तिच्यात तहानलेला कोपरा दिसत नव्हता. आपल्या घरांतही सगळ्यांना विचारून ठरवले असे आपण म्हणतो. पण चौघे मराठीत बोलत असतात आणि फक्त कन्नड येणारी अज्जी कोपऱ्यात बसून असते. तिचाही एक आवाज मोजला, एवढ्याने भागत नाही. तिच्या वाटेतला अडथळा आधी कमी करावा लागतो.