हरभऱ्यातलं हरीण

बदनापूरला अभयारण्य नाही. दुधनेकाठची काळी रानं, कापूस, तूर, मोसंबीच्या बागा आणि मधूनमधून उरलेला गवताळ बरड, एवढ्यातच इथलं रानातलं जनावर आपलं भागवतं. त्यामुळे पहाटे कॅमेरा घेऊन निघालेल्या हौशी माणसाला इथे वाट दाखवतो तो शेतकरी. रब्बीत पिकाची राखण करायला रात्रभर आखाड्यावर जागलेला असतो तो.

त्याला विचारावं, तो बरोबर सांगतो. रोही, म्हणजे नीलगायी, ठरलेल्या जागीच पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात. तो ढीग ताजा आहे की वाळलेला, यावरून कळप जवळ आहे की पुढे गेला, हे त्याला कळतं. दिसलेलं जनावर कोल्ह्याचं पिल्लू नव्हे, खोकड आहे, हेही तो सांगतो.

मोटारसायकल चालू आहे तोवर काळविटांचा कळप हरभऱ्यात मान घालून निवांत चरत असतो. ट्रॅक्टर आणि गाड्या त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या. गाडी थांबली की एखादी मादी मान वर करते. माणूस खाली उतरून दोन पावलं चालला, की ती चारही पाय एकदम उचलून उंच उडी घेते आणि बघता बघता बांध मोकळा होतो. म्हणून जाणकार आधीच बांधाच्या आडोशाला बसून राहतो आणि कळपाला आपल्या चालीने येऊ देतो. उन्हं चढली की काळ्या जमिनीवरची हवा थरथरते, मग लांब पल्ल्याची लेन्सही धूसर चित्र देते. काम होतं ते सकाळच्या पहिल्या तास-दीड तासातच.

आणि फोटो निघाला की बहुतेक जण एक गोष्ट हमखास करतात, शेत कापून टाकतात. साड्यांचं कुंपण, ठिबकची नळी, बुजगावणं, सगळं चौकटीबाहेर जातं. उरतं ते निर्जन माळावरचं देखणं काळवीट. असा फोटो सुंदर असेल, पण तो इथला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला १९८० पासून काळविटांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. तिथे तो शोभेल. बदनापुरातलं काळवीट माणसाच्या पिकावर जगतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या अनुसूचीत घालून त्याला संरक्षण दिलं, पण त्याचा रोजचा घास शेतकऱ्याच्या वाट्यातून जातो. साड्यांच्या कुंपणाशेजारी उभं असलेलं हरीण हाच इथला खरा फोटो.

गवतात एकटं, निपचित पडलेलं पाडस दिसलं तर ते पोरकं समजून उचलू नये. पहिले काही दिवस ते असंच दडून राहतं. आई लांब चरत असते आणि पाजायला परत येते. माणसाने उचललं तरच ते पोरकं होतं. लांडग्याच्या बिळाचं ठिकाण तर कुणालाच कळवू नये.

तेव्हा बांधावर पाय ठेवण्याआधी शेतकऱ्याला विचारा. परत निघताना खुडलेले शेंडे आणि ओल्या मातीतले खुरांचे ठसे यांचेही चार फोटो काढा आणि त्याच्या मोबाइलवर पाठवा. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात ते त्याच्या उपयोगी पडतील.